स्पीकर बदलण्याआधी केबल बदला

प्रश्न: मी कोल्हापूरजवळच्या गावांत हळदी, साखरपुडे, वाढदिवस अशा कार्यक्रमांत एकटाच कीबोर्ड वाजवतो आणि मधूनमधून गातो. कीबोर्ड यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतला आहे. मागे ‘फोन्स/आउटपुट’ असा एकच जॅक आहे. १२ इंची ट्रॉली स्पीकरला मी गिटारची साधी मोनो केबल लावतो, पण स्टाईलमधली (कीबोर्डच्या तयार साथीतली) काही तालवाद्यं त्यावर ऐकूच येत नाहीत. मित्राच्या पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेल्या) स्पीकरला दोन्हीकडे स्टीरिओ पिन असलेली केबल लावली, तर बेस आणि किक गायब, पियानो पोकळ आणि सगळं घुमल्यासारखं. घरी आवाज छान लागतो, हॉलमध्ये मात्र गदळ. गाताना शिट्टी मारते. साठ हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. दुकानदार हजार-हजार वॉटचे दोन १५ इंची स्पीकर घ्या म्हणतो. बॅटरीवाला घ्यावा का? टोन कसा लावायचा? सेकंडहँड चालेल का?

उत्तर: दुकानदाराला दोन दिवस थांबवा. तुमच्या पहिल्या दोन्ही तक्रारी स्पीकरच्या नाहीत, कीबोर्डच्या मागच्या त्या एका जॅकच्या आहेत. तिथे चूक तशीच राहिली तर लाखाचा स्पीकरही तसाच वाजेल.

तो जॅक स्टीरिओ आहे. स्टीरिओ पिनेवर दोन काळ्या रेघा असतात आणि त्यामुळे धातूचे तीन भाग पडतात. टोक डाव्या चॅनेलचं, मधली रिंग उजव्या चॅनेलची आणि मागचा दांडा अर्थिंगचा. पॉवर्ड स्पीकरच्या जॅकलाही तीनच भाग असतात, पण त्यांचं काम वेगळं. तो जॅक बॅलन्स्ड असतो. टोकावर सिग्नल येणार आणि रिंगवर त्याच सिग्नलची उलटी प्रत येणार, असं तो धरून चालतो आणि दोन्हींतला फरक तेवढा पुढे पाठवतो. लांब केबलमध्ये शिरलेली गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच असते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते. एवढ्यासाठीच ही सोय.

तुम्ही त्याला डावं आणि उजवं चॅनेल दिलंत. त्याने इमानदारीने डाव्यातून उजवं वजा केलं. किक, बेस, स्नेअर, मुख्य सूर हे सगळं मधोमध असतं, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये सारखंच. वजाबाकी शून्य. मागे उरतो तो रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट), पसरट स्ट्रिंग्ज आणि पियानोच्या दोन बाजूंमधला फरक. तुम्ही लिहिलेलं ‘पोकळ’ आणि ‘घुमल्यासारखं’ ते हेच.

ट्रॉलीची गोष्ट दुसरी. मोनो पिनेला मधली रिंग नसतेच. ती स्टीरिओ जॅकमध्ये घातली की तिचा लांब दांडा उजव्या चॅनेलच्या पत्तीला टेकतो आणि उजवा चॅनेल थेट अर्थला शॉर्ट होतो. शेकर, टाळ्या, एखादा कोंगा असं जे स्टाईलमध्ये उजवीकडे ठेवलेलं असतं, ते गेलं. शिवाय हेडफोनच्या अँप्लिफायरची उजवी बाजू तासन्‌तास शॉर्ट सर्किटवर चालत राहते. ही केबल आजच बंद करा.

तुम्हाला हवी ती वाय केबल: एका टोकाला ६.३५ मिलिमीटरची स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना. काहीशे रुपयांत मिळते. दुकानात मागताना ‘स्टीरिओ ते दोन मोनो’ असं स्पष्ट सांगा, कारण दिसायला अगदी तशीच पण एक मोनोच्या दोन मोनो करणारी केबलही मिळते आणि ती तुमच्या उपयोगाची नाही. दोन पिना स्पीकरच्या किंवा मिक्सरच्या दोन वेगवेगळ्या चॅनेलमध्ये लावा आणि दोन्हींचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) सारखा ठेवा. मित्राच्या स्पीकरवर आधी एवढंच करून बघा. बेस परत आला, की निम्मं काम झालं.

पियानो मात्र थोडा पातळ लागू शकतो. स्टीरिओ पियानोचे सूर दोन माईकनी घेतलेले असतात. दोन्ही बाजू एका स्पीकरमध्ये एकत्र आल्या की काही कंपनं एकमेकांना मारतात. मोठ्या कीबोर्डना ‘एल/मोनो’ किंवा ‘एल/एल+आर’ असा वेगळा जॅक असतो. त्यात एकटी मोनो केबल लावली की कीबोर्ड स्वतःच दोन्ही बाजू जुळवून देतो. तुमच्याकडे ती सोय नाही, म्हणून टोन निवडूनच काम भागवावं लागेल. कोरस (आवाज पसरवणारा इफेक्ट) बंद करा, रिव्हर्ब घरच्यापेक्षा निम्मा करा, आणि पियानोचे जे चार-पाच टोन आहेत ते एकाच स्पीकरवर वाजवून जो भरीव वाटेल तो ठेवा. हेडफोनवर सर्वांत देखणा वाटणारा टोन इथे बहुधा हरतो.

अजून एक सेटिंग याच मालिकेतलं. फंक्शन मेनूत मास्टर ईक्यू (खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण ठरवणारं सेटिंग) असतो आणि त्यात ‘स्पीकर’, ‘हेडफोन’, ‘बूस्ट’ असे प्रकार असतात. ‘स्पीकर’ हा प्रकार कीबोर्डच्या पोटातल्या छोट्या स्पीकरसाठी आहे. बाहेरचा स्पीकर लावताना ‘हेडफोन’ निवडा. ‘बूस्ट’च्या वाटेला जाऊ नका. हॉलमध्ये आवाज गदळ होण्याचं एक कारण तिथेच सापडण्याची शक्यता बरीच आहे.

आता स्पीकर. दुकानदाराचे हजार वॉट हे बहुधा पीक वॉट असतील, सतत मिळणारे नव्हेत. आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. म्हणून डब्यावरचे वॉट सोडा आणि माहितीपत्रकात ‘मॅक्सिमम एसपीएल’, म्हणजे स्पीकरचा जास्तीत जास्त आवाज, किती डेसिबल लिहिलंय ते बघा. शंभर-दीडशे माणसांच्या हॉलसाठी १२५च्या पुढचा आकडा पुरतो.

१५ इंचीचा मोह मला तुमच्यासाठी चुकीचा वाटतो. डीजेला तो लागतो. तुमच्या उजव्या हाताची चाल आणि तुमचा गळा मात्र साधारण २०० ते ३००० हर्ट्झमध्ये राहतो. दोनच भागांच्या (एक मोठा कोन आणि उंच सुरांसाठी छोटा ट्विटर) बॉक्समध्ये १५ इंची कोनला बऱ्याचदा दीड-दोन हजार हर्ट्झपर्यंत ओढावं लागतं. एवढा मोठा कोन तिथे आवाज समोरच्या पट्ट्यातच फेकतो आणि बाजूला बसलेल्यांना शब्द कळत नाहीत. १० इंची हे काम जास्त साफ करतो. खर्जात तो थोडा उणा पडतो हे खरं. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते आणि चांगला १० इंची ५५ हर्ट्झच्या आसपास हात टेकतो. पण त्या तारेचा दुप्पट स्वर ८२ हर्ट्झला असतोच, आणि कान त्यावरून खालचा सूर ओळखतो. साखरपुड्याला तेवढं पुष्कळ झालं. शिवाय दोन १५ इंची, दोन स्टँड आणि कीबोर्ड हे सगळं एकट्याने दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये कसं चढवणार, हाही विचार करा.

म्हणून साठ हजारांत दोन मध्यम स्पीकर घेण्यापेक्षा एक चांगला १० इंची पॉवर्ड स्पीकर, स्टँड, छोटा मिक्सर आणि धड केबली घ्या. यामाहाचा डीबीआर-१० या वर्गातलं ओळखीचं उदाहरण आहे. वजन साडेदहा किलो, एका हाताने उचलतो. जेबीएल आणि इलेक्ट्रो-व्हॉइसचेही याच मापाचे स्पीकर मिळतात. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून तुमचाच कीबोर्ड लावून ऐका. दुकानातल्या गाण्यावर निवड करू नका, गाणं कुठल्याही स्पीकरवर बरंच वाजतं.

मिक्सर का, तर तुम्ही गाता म्हणून. अशा स्पीकरला साधारण दोनच चॅनेल असतात. कीबोर्डच्या दोन पिनांनी ते अडवले तर माईक कुठे लावणार? आणि गळ्याला रिव्हर्ब हवा असतो, तो स्पीकरमध्ये नसतो. यामाहाच्या एमजी-०६-एक्ससारख्या सहा चॅनेलच्या मिक्सरमध्ये इफेक्ट असतात. त्यात माईक १ वर आणि कीबोर्डची डावी-उजवी पिन ३/४ वर लावा. इथे एक चूक हमखास होते. एकच स्पीकर आहे म्हणून मिक्सरच्या ‘एल’मधून एकच केबल काढली जाते आणि उजवी बाजू पुन्हा हरवते. ‘एल’ आणि ‘आर’ दोन्हींतून केबल काढून स्पीकरच्या दोन चॅनेलना द्या आणि स्पीकरवर माईक/लाईनचं बटण असेल तर ते लाईनवर ठेवा. माईकवर राहिलं तर आवाज फाटणार.

मिक्सर लगेच परवडत नसेल तर मधला मार्ग आहे. डीबीआरसारख्या स्पीकरवर दुसऱ्या चॅनेलला आरसीएच्या लाल-पांढऱ्या सॉकेटची जोडी असते. स्टीरिओ पिन ते दोन आरसीए केबलने कीबोर्ड तिथे लावा, पहिला चॅनेल माईकला मोकळा राहतो. गळा कोरडा ऐकू येईल, पण काम चालेल.

बॅटरीवाला घ्यायचा का, हे स्पीकर ठरवत नाही, तुमच्या तारखांची वही ठरवते. दहातले नऊ कार्यक्रम वीज असलेल्या हॉलमध्ये असतील तर बॅटरीसाठी जास्तीचे पैसे कशाला? अंगणातल्या हळदी आणि शेतावरचे वाढदिवस जास्त असतील तर बोसचा एस-१ प्रो प्लस किंवा जेबीएलचा ईऑन वन कॉम्पॅक्ट या जातीचा स्पीकर बघा, बजेट मात्र ताणावं लागेल. दोन्ही साधारण साडेसहा ते आठ किलोंचे आहेत आणि मिक्सर पोटातच असतो. चाळीस-पन्नास माणसांना उघड्यावर पुरतात, त्यापुढे दम लागतो. अकरा-बारा तासांचा कंपनीचा आकडा मध्यम आवाजाचा असतो, पूर्ण जोरात तो बराच खाली येतो. आणि ब्लूटूथ आहे म्हणून कीबोर्ड त्यावर जोडायचा विचारही करू नका. बोट दाबल्यावर आवाज यायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशीर होतो, ठेका हातातून सुटतो. ब्लूटूथ जेवणाच्या वेळी गाणी लावायला ठेवा.

स्पीकर आला, की आधी तो कुठे ठेवायचा ते ठरवा. टोनची बटणं नंतर. जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवला तर खर्ज फुगतो, कोपऱ्यात सर्वांत जास्त. हॉलमधल्या गदळपणाचं हे दुसरं कारण. स्टँडवर चढवून ट्विटर बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जाईल असा, साधारण पावणेदोन-दोन मीटरवर ठेवा आणि मागच्या भिंतीपासून किमान एक मीटर पुढे घ्या. पुढची रांग स्पीकरला खेटू देऊ नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १ मीटरवरचा पाहुणा आणि १६ मीटरवरचा पाहुणा यांच्यात २४ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे पुढच्याचे कान बधिर आणि मागचा म्हणतो ‘वाढवा जरा’. पहिली रांग ३ मीटरवर ठेवली तर हाच फरक साडेचौदावर येतो. बंद हॉलमध्ये भिंती आवाज परत देतात म्हणून प्रत्यक्षात फरक कमी असतो, पण नियम तोच.

शिट्टीचं मूळही जागेतच आहे. फोन्स जॅक वापरला की कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, मग ऐकू यावं म्हणून वाजवणारा मोठा स्पीकर पाठीमागे ठेवतो आणि त्याचं तोंड थेट माईककडे येतं. स्पीकर तुमच्या एका बाजूला, माईकच्या रेषेपेक्षा मीटर-दीड मीटर पुढे ठेवा आणि किंचित आत वळवा. तुम्हाला बाजूने पुरेसं ऐकू येतं आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या) माईकची पाठ स्पीकरच्या दिशेला राहते. माईक ओठांपासून तीन-चार सेंटिमीटरवर धरा. एक फूट लांब धरून गेन वाढवला की शिट्टी येणारच. माईकची जाळी मुठीत पकडू नका, त्याने माईक सगळ्या दिशांनी ऐकायला लागतो. माईक चॅनेलवर हाय-पासचं (खालचे सूर कापणारं) बटण असेल तर ते कायम दाबलेलं राहू द्या. गळ्याला १०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही लागत नाही.

पातळ्या लावायचा क्रम असा. मिक्सरचा मास्टर आणि स्पीकरचं लेव्हल बटण पूर्ण खाली, ईक्यूची सगळी बटणं मधोमध. कीबोर्डचा व्हॉल्यूम तीनचतुर्थांशावर. तो कमी ठेवून पुढे गेन वाढवला तर सूं-सूं वाढते, पूर्ण ठेवला तर हेडफोनचा अँप्लिफायर फाटायला लागतो आणि वाजवताना वर जायला जागा उरत नाही. आता सर्वांत भरगच्च स्टाईल लावून उजव्या हाताने जोरात वाजवा आणि चॅनेलचा गेन पीकचा लाल दिवा क्वचित लुकलुकेल इथपर्यंत वाढवून थोडा मागे घ्या. मग मास्टर शून्य डेसिबलच्या खुणेवर नेऊन स्पीकरचं बटण हळूहळू वाढवा. वाजवताना स्पीकरचा लिमिटचा दिवा सतत पेटलेला दिसला तर आवाज कमी करण्याआधी खर्ज कमी करा, कारण अँप्लिफायरची बहुतेक ताकद तोच खातो.

स्टाईल आणि उजव्या हाताचं प्रमाण कीबोर्डमध्येच लावा. स्टाईलचा व्हॉल्यूम मूळ सेटिंगपेक्षा खाली आणा, चाल वर येते आणि हॉल मोकळा वाटतो. एकट्या वादकाच्या बेसुमार आवाजाची मुळं बऱ्याचदा या एका आकड्यात असतात.

यानंतर ईक्यू, आणि तो नेहमी कार्यक्रमाच्या आवाजात. कमी आवाजात कानाला खर्ज आणि तार (उंच सूर) दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण दोन्ही वाढवतो. तेच सेटिंग हॉलमध्ये मोठ्याने लावलं की खर्ज डोक्यात बसतो आणि तार टोचते. घरची सेटिंग घरीच राहू द्या. हॉलमध्ये आवाज पेटीत कोंडल्यासारखा लागला तर मिड वाढवू नका. २५० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करा. स्वतंत्र पट्टा नसेल तर लो बटण २-३ डेसिबल खाली आणा. बासरी किंवा हार्मोनियमचा टोन टोचत असेल तर २.५ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा थोडा कमी करा. नुसतं एक हाय बटण असेल तर त्यालाही हात लावा, पण जपून, नाहीतर गाण्याचे शब्द पुसट होतील. दर वेळी एकच बटण, फार तर ३ डेसिबल, आणि मग हॉलच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन ऐका. स्टाईल चालू ठेवून जाता येतं, गायकाला ही चैन नाही.

डीबीआरच्या मागे डी-कॉन्टूर नावाचं बटण आहे. त्यावरचं ‘एफओएच/मेन’ (पाहुण्यांकडच्या मुख्य स्पीकरसाठीचं) सेटिंग खर्ज आणि तार दोन्ही उचलतं, ‘मॉनिटर’ खर्ज कापतं. उंच छताच्या, फरशीच्या मंगल कार्यालयात ते बंद ठेवा. पाहुणे भरले की कपडे आणि माणसं तार शोषून घेतात, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये किंचित जास्त चमक वाटली तर ती तशीच राहू द्या.

गुणगुण आली तर आधी मंडपवाल्याच्या दिव्यांकडे बघा. डिमरवर चालणाऱ्या माळा एकाच बोर्डावर असल्या की खरखर येते. कीबोर्डचा अडॅप्टर, मिक्सर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशनवर घ्या आणि दिव्यांना दुसरं पॉइंट सांगा. मिक्सरला लॅपटॉप जोडल्यावर गुणगुण सुरू झाली तर ग्राउंड-लिफ्टचं (सिग्नलच्या केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारी छोटी पेटी) लॅपटॉपच्या लाईनमध्ये टाका. स्पीकरच्या पिनेचा जाड अर्थचा पाय कापणं हा त्यावरचा इलाज नाही, तो जिवाशी खेळ आहे. कीबोर्डपासून मिक्सरपर्यंतची केबल पाच-सहा मीटरच्या वर नेऊ नका. मिक्सर हाताशी ठेवा आणि लांब पल्ला मिक्सर ते स्पीकर या बॅलन्स्ड केबलवर सोडा.

वेळेचंही सांगून ठेवतो, कारण हळदी लांबतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. बंद सभागृहाला त्यात सवलत आहे, अंगणाला नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि तक्रार आली की उपकरण तुमचं असल्यामुळे पोलीस आधी तुम्हालाच गाठतात.

सेकंडहँड चालेल, पण ऐकून घ्या. फोनवर टोन जनरेटरचं मोफत अ‍ॅप घ्या आणि मध्यम आवाजात ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू सरकवा. कुठे फडफड किंवा घासल्याचा आवाज आला तर कोन फाटलाय, कॉइल घासतेय किंवा बॉक्सचे स्क्रू ढिले आहेत. स्क्रू आवळून बघा. तरी फडफड राहिली तर सोडून द्या. मग ८ हजार हर्ट्झ लावून ट्विटर जिवंत आहे का बघा, कारण गेलेला ट्विटर साध्या गाण्यात लवकर लक्षात येत नाही. प्रत्येक बटण फिरवून करकर ऐका, प्रत्येक जॅकमध्ये पिन हलवून बघा, आणि अर्धा तास मोठ्याने वाजवून मागची जाळी हाताला किती तापते ते पाहा.

जुनी ट्रॉली विकू नका, फारसे पैसे येणार नाहीत. वरची वाय केबल लावून घरच्या रियाजाला आणि बारशाच्या छोट्या कार्यक्रमाला ती वापरा. या ट्रॉलीत बहुधा १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती पूर्ण उतरवून तशीच ठेवली की मरते, म्हणून वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा.